पणजोबांच्या डबीतली तुर्की तिकिटं आणि त्यांवरचा इंग्रजी छाप

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घर साताऱ्याकडचं. पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, गेले होते. घराची डागडुजी काढली तेव्हा माळ्यावर एक पत्र्याची डबी सापडली. तिच्यात पंचम जॉर्जच्या चित्राची हिंदुस्थानी तिकिटं आहेत, त्यांवर ‘आय. ई. एफ.’ अशी अक्षरं छापलेली. काही तुर्की तिकिटांवर ‘इराक इन ब्रिटिश ऑक्युपेशन’ असा छाप आहे, एकावर तसाच पण ‘बगदाद’चा. शिवाय एक मळकं कार्ड, ज्यावर तिकीटच नाही, फक्त चंद्रकोरीसारखा ठसा. एका डीलरने सगळ्या तिकिटांची मिळून एक रक्कम सांगितली आहे आणि घरातले एक काका म्हणतात की बगदादचं एकटंच लाखाचं आहे. तुम्ही विचारता: ही खरी आहेत का, किंमत किती, आणि तुर्कांचा मुलूख घेतल्यावर इंग्रजांनी तुर्कांचीच तिकिटं का वापरली?

तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न मी आधी घेतो. पहिल्या दोन्हींची उत्तरं त्यातच आहेत. खरं-खोटं आणि किंमत यांच्यामागे धावणारे लोक भिंग घेऊन अक्षरांची जाडी मोजत बसतात. मी इतकी वर्षं युद्धकाळातली तिकिटं जमवतो, इतरांचे संग्रह तपासतो, आणि कोणतंही तिकीट हातात आलं की पहिल्यांदा एकच विचारतो: हे तिकीट कोणाला विकायला काढलं होतं? ताबा घेतलेल्या मुलखात तिकीट घेणारे वेगवेगळे असतात. फौजेतला शिपाई वेगळा, बाजारातला व्यापारी वेगळा, सरकारी कचेरी वेगळी. तुमच्या डबीतली तिन्ही प्रकारची तिकिटं अशीच वेगवेगळ्या गरजेतून निघालेली आहेत.

मोहिमेचा क्रम डोळ्यांसमोर ठेवा. नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानातून गेलेली फौज शत-अल-अरब नदीच्या मुखाशी फाओ या ठिकाणी उतरली आणि त्याच महिन्यात तिने बसरा घेतलं. या फौजेचं नाव इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स ‘डी’, आणि तिचा कणा होता सहावी डिव्हिजन, म्हणजेच पूना डिव्हिजन. पुढे बगदादच्या वाटेवर माघार घ्यावी लागली, कुत-अल-अमारा (थोडक्यात ‘कुत’) या गावाला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. नव्याने बांधलेल्या फौजेने जनरल मॉड यांच्या हाताखाली ११ मार्च १९१७ रोजी बगदाद घेतलं. मोसूलचा ताबा मिळाला तो थेट नोव्हेंबर १९१८ मध्ये, युद्धतहकुबीनंतर. तिकिटं याच पावलांनी चालतात. ज्या गावात फौज पोचलेली नाही, त्या गावचं तिकीट निघूच शकत नाही.

आता पहिला गट, ‘आय. ई. एफ.’. ही साधी हिंदुस्थानी तिकिटं आहेत आणि त्यांवरची अक्षरं म्हणजे वर सांगितलेल्या फौजेच्या नावाची आद्याक्षरं. मुख्यतः फौजेबरोबर फिरणाऱ्या फील्ड पोस्ट ऑफिसांसाठी ती १९१४ मध्येच काढली. कोणी म्हणेल की शिपायाचं साधं पत्र तर मोहिमेवरून बिनतिकिटाचं जात असे, मग तिकीट कशाला? रजिस्टर पत्राला, पार्सलला, म्हणजे पोस्ट जिथे जास्तीची जबाबदारी घेतं अशा कामाला तिकीट लागायचंच. म्हणूनच शिपायाच्या पेटीत ती सापडणं अगदी स्वाभाविक आहे.

पण इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. ‘आय. ई. एफ.’ दिसलं म्हणजे मेसोपोटेमिया, असं नाही. फोर्स ‘ए’ फ्रान्सला गेली, ‘बी’ पूर्व आफ्रिकेला, ‘ई’ इजिप्तला, आणि सगळीकडे हीच तिकिटं चालली. तिकीट कुठे वापरलं हे अक्षरं सांगत नाहीत, पोस्टाचा शिक्का सांगतो. त्या शिक्क्यात गावाचं नाव बहुधा नसतं. शत्रूला ठिकाण कळू नये म्हणून फक्त फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख असते. अमुक नंबरचं ऑफिस अमुक महिन्यात कुठे होतं, याच्या याद्या अभ्यासकांनी मोठ्या कष्टाने तयार केल्या आहेत. तुमच्या तिकिटांपैकी एकावर जरी नंबर आणि तारीख नीट वाचता आली, तरी पणजोबांची पलटण त्या दिवशी कोणत्या तळाच्या आसपास होती याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी तिकीट शिक्क्यासकट कागदावर राहायला हवं. ते सुटं करून धुतलं की ही माहिती गेली, आणि साध्या ‘आय. ई. एफ.’ तिकिटाला पैशांत फारसा भाव नसतो, त्यामुळे हाती काहीच उरत नाही.

दुसरा गट बगदादचा, आणि तुमच्या मनातला खरा प्रश्न इथे आहे.

मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतल्यावर इंग्रजांपुढे एक फार साधी अडचण उभी राहिली. शहरात लाखाहून जास्त माणसं राहतात. व्यापारी आहेत, वकील आहेत, यात्रेकरूंची ये-जा आहे, ज्यू आणि आर्मेनियन पेढ्यांचा पत्रव्यवहार आहे. शिपायाची फुकट पत्राची सवलत या लोकांना लागू नाही. त्यांच्यासाठी नागरी टपाल सुरू करायचं तर तिकीट हवं. शिवाय ताबा घेतलेल्या मुलखाचा धनी आपण झालो, असं ताबेकऱ्याला म्हणता येत नाही. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या १९०७ च्या हेग कराराच्या ४३ व्या कलमाप्रमाणे त्याने तिथला नागरी व्यवहार चालू ठेवायचा असतो आणि तिथले कायदे शक्यतो पाळायचे असतात. तिथलंच तिकीट घेऊन त्यावर छाप मारणं या भूमिकेला धरून होतं. तुर्की छापाचं तिकीट लोकांच्या ओळखीचं होतं, आणि वरचा इंग्रजी छाप सांगत होता की सध्या कारभार कोणाचा आहे.

याच युद्धात जर्मनांनी बेल्जियममध्ये अगदी उलट केलं. त्यांनी आपलंच, जर्मनीचं प्रतीक असलेल्या जेरमानिया बाईचं तिकीट आणलं आणि त्यावर ‘बेल्गिएन’ आणि सेंटिममधली किंमत छापली. तिथे बेल्जियन माणसाला पत्र टाकायला जर्मन साम्राज्याचं चित्र चिकटवावं लागत होतं. दोन ताबेकरी, दोन पद्धती. तिकीट पाहणाऱ्याने खालचं तिकीट कोणाचं आणि वरचा छाप कोणाचा हे आधी ठरवावं, अर्धी कथा तिथेच उलगडते.

बगदादला मुळात पुरेशी तिकिटं हाती लागलीच नाहीत. जी मिळाली त्यांवर १ सप्टेंबर १९१७ च्या विक्रीसाठी पाव आणा, अर्धा आणा, एक आणा आणि दोन आणे अशा किमती छापल्या. खालची तुर्की तिकिटं पाहिलीत तर एकजात नाहीत: १९१४ ची इस्तंबूलच्या देखाव्यांची आहेत, त्याआधीची जुनी आहेत, युद्धकाळात तुर्कांनी स्वतःच चांद-ताऱ्याचा छाप मारलेलीही आहेत. ही सरमिसळ मला फार बोलकी वाटते. व्यवस्थित साठा असलेलं कोणतंही सरकार असं करत नाही. हाताला येईल ते गोळा करून वेळ भागवल्याची ही खूण आहे. संख्या मुळातच कमी, त्यात अधिकाऱ्यांना आणि संग्राहकांना सुगावा लागला, त्यामुळे ही तिकिटं दुर्मीळ झाली. आणि जे दुर्मीळ असतं, त्याची नक्कल होते.

बगदादच्या तिकिटाची नक्कल करणं इतकं सोपं का, हे आता सांगतो. खालचं तुर्की तिकीट आजही अगदी स्वस्तात मिळतं. त्यावर चार शब्द छापले की स्वस्त तिकीट महाग होतं. म्हणजे कागद खरा, कडेचे दाते खरे, रंग खरा, तुर्की छपाई खरी. खोटा असतो तो फक्त वरचा छाप. म्हणून “कागद जुना दिसतोय, म्हणजे खरंच असणार” या म्हणण्याला या प्रकारात काही अर्थ नाही.

घरच्या घरी तुम्ही दोन गोष्टी पाहू शकता. तुमचं तिकीट वापरलेलं आहे, शिक्का बसलेला आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. दुपारच्या उजेडात खिडकीशी बसा, दहा पटीचं भिंग घ्या आणि शिक्क्याची रेघ छापाच्या अक्षराला जिथे छेदते ती जागा शोधा. खऱ्या तिकिटावर आधी छाप पडला, मग ते खिडकीवर विकलं गेलं, मग त्यावर शिक्का बसला. म्हणजे शिक्क्याची शाई अक्षरावरून गेलेली दिसली पाहिजे. नकलेत बहुधा वापरलेलं, म्हणजे आधीच शिक्का बसलेलं तुर्की तिकीट घेतलेलं असतं आणि छाप नंतर मारलेला असतो. तिथे अक्षर शिक्क्याच्या वर चढलेलं दिसतं. दोन्ही शाया काळ्या असल्या तर हे ओळखणं कठीण जातं, पण तिकीट थोडं तिरपं धरून चकाकी पाहिली तर बऱ्याचदा कळतं. दुसरी गोष्ट म्हणजे शिक्का स्वतः काय सांगतो ते. त्यात तुर्की-अरबी लिपी दिसत असेल, किंवा तारीख सप्टेंबर १९१७ च्या आधीची असेल, तर छाप कितीही सुबक असला तरी उत्तर ‘नाही’ असंच आहे. तुर्की पोस्टमास्तरने इंग्रजांच्या छापाच्या तिकिटावर शिक्का मारला, असं घडू शकत नाही.

या दोन कसोट्यांत तिकीट नापास झालं तर खटला संपला. पास झालं तर ते खरंच आहे असं मात्र म्हणता येत नाही, कारण शिक्काही खोटा मारता येतो. तिथून पुढचं काम जाणकारांच्या समितीचं. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती अशा तिकिटांची तपासणी करून छायाचित्रासह प्रमाणपत्र देते. जगभरातले लिलाववाले ते मानतात. बगदादच्या तिकिटाला प्रमाणपत्र नसेल तर गंभीर गिऱ्हाईक त्याचे पूर्ण पैसे देत नाही, आणि मी स्वतःही देणार नाही. पण ही तिकिटं आता शंभरी ओलांडून गेली आहेत. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याची बंधनं आहेत. म्हणून पाकीट लंडनला पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात रीतसर विचारणा करा. आधी स्कॅन पाठवून प्राथमिक मत घेतलं तर पुष्कळदा तेवढ्यावरच प्रश्न सुटतो.

तुमच्या काकांचा लाखाचा आकडा अगदीच हवेतला नाही. बगदादच्या मालिकेतली साधी तिकिटंही खरी असतील तर हजारांच्या घरात जातात, आणि काही मोजके प्रकार त्याहून कितीतरी वर. पण हे सगळं खालचं तुर्की तिकीट कोणतं, किंमत किती छापली आहे, वापरलेलं की कोरं, दाते शाबूत आहेत का, यावर ठरतं. तुम्ही फक्त ‘मशिदीचं चित्र’ इतकंच लिहिलं आहे, त्यावरून मी आकडा सांगणार नाही. आणि डीलरने डबीचा ठोक भाव सांगितला आहे, त्यावरही आज निर्णय घेऊ नका. त्याच्या मनात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण बगदादच्या तिकिटाचा उलगडा झाल्याशिवाय त्या रकमेत त्याचा वाटा किती धरला आहे, हे तुम्हाला कळूच शकत नाही.

तिसरा गट ‘इराक इन ब्रिटिश ऑक्युपेशन’. बहुतेक लोक यांना बगदादचीच भावंडं समजतात. प्रत्यक्षात ती बगदादच्या टंचाईतून निघालेली नाहीत, तिच्यावर शोधलेला तोडगा आहेत. आणि या मालिकेची हकीकत मला स्वतःला फार आवडते, म्हणून थोडं थांबतो.

तुर्कस्तानची १९१४ ची सुंदर देखाव्यांची तिकिटं छापली होती लंडनच्या ब्रॅडबरी विल्किन्सन कंपनीने. जानेवारी १९१४ मध्ये ती निघाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तुर्कस्तान आणि ब्रिटन एकमेकांशी लढायला उभे राहिले. प्लेट मात्र लंडनमध्येच. बसरा-बगदादच्या नागरी टपालासाठी भरपूर तिकिटं हवी झाली तेव्हा इंग्रजांनी शत्रूच्याच प्लेटवरून नवी तिकिटं छापून घेतली, त्यांवर इराकचा छाप आणि आणे-रुपयांतली किंमत टाकली, आणि १ सप्टेंबर १९१८ पासून ती विक्रीला काढली.

तुमच्याकडचं एक तिकीट चिमट्याने उचला आणि जवळून पाहा. निळ्या रंगाचं, अडीच आण्याचं असेल, तर खालच्या तुर्की तिकिटाची किंमत एक पियास्तर (तुर्की नाणं) आहे आणि चित्र इस्तंबूलच्या सुलतान अहमद मशिदीचं. अडीच आणे हा आकडा कुठून आला? परदेशी जाणाऱ्या साध्या पत्राचा दर तुर्की चलनात एक पियास्तर होता, हिंदुस्थानी चलनात अडीच आणे. म्हणजे छापणाऱ्याने बाजारातला भाव पाहून रूपांतर केलेलं नाही, टपालाचा दर धरून केलं आहे. तांबडं एक आण्याचं असेल तर खाली वीस पारे (पियास्तराहून लहान तुर्की नाणं), चित्र रुमेली किल्ल्याचं. वर सुलतानाचा तुघ्रा, म्हणजे त्याची गुंफलेली स्वाक्षरी, तशीच आहे. ती खोडण्याचा कुठलाही प्रयत्न नाही. सहा आण्याच्या तिकिटावर तर तुर्की आरमाराची ‘हमीदिये’ ही क्रूझर आहे, बारा आण्यांच्या तिकिटावर तुर्की युद्धमंत्रालयाची इमारत. ज्या राष्ट्राशी लढाई चालू, त्याचीच लढाऊ बोट आणि त्याचंच युद्धखातं, आणि त्यावर ‘ब्रिटिश ऑक्युपेशन’ची मोहोर. तुमच्या डबीत यांपैकी एक जरी असेल तर मुलांना ते जरूर दाखवा.

ही मालिका मोठ्या संख्येने छापली, त्यामुळे खालच्या किमतींची तिकिटं आजही डीलरकडे सहज आणि स्वस्तात मिळतात. नकलांची भीती इथे कमी, कारण नक्कल करून कोणाचाच फायदा नाही. दोन गोष्टी मात्र तपासा. कागदात पाण्याचा छाप, म्हणजे वॉटरमार्क आहे का? १९१८ ची छपाई वॉटरमार्कशिवाय आहे; १९२१ च्या छपाईत वॉटरमार्क आहे. तुमचे पणजोबा १९१९ ला घरी परतले असतील आणि डबीत वॉटरमार्कचं तिकीट निघालं, तर ते त्यांनी स्वतः आणलेलं नाही, नंतर कोणीतरी डबीत टाकलं असणार. दुसरं म्हणजे ‘ऑन स्टेट सर्व्हिस’ असा जादा छाप आहे का ते पाहा. ती कचेऱ्यांसाठी काढलेली तिकिटं आहेत. शिपायाच्या डबीत ती दिसली तर पणजोबा युद्धानंतर एखाद्या कचेरीत, रेल्वेत किंवा गोदीत कामाला राहिले होते का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. युद्ध संपल्यावरही पुष्कळ हिंदी माणसं बसरा-बगदादला नोकरीवर होती.

आणे-रुपये तिथे नुसते तिकिटावर आले नाहीत. इराकने १९२३ मध्ये स्वतःच्या चित्रांची तिकिटं काढली, तीही आणे-रुपयांतच होती. हिंदुस्थानी रुपया तिथे चलन म्हणून १९३२ पर्यंत टिकला, मग दिनार आला.

मोसूलबद्दल एवढंच सांगतो की तुमच्या डबीत ‘पोस्टेज, आय. ई. एफ. डी’ असा छाप असलेलं एखादं विचित्र, पोस्टाचं न वाटणारं तुर्की तिकीट असेल, तर ते बाजूला ठेवा. १९१९ मध्ये मोसूलला पोस्टाच्या तिकिटांऐवजी तुर्की महसुली तिकिटांवरच छाप मारून काम भागवलं होतं. ‘डी’ या अक्षरामुळे ते पहिल्या गटातल्या तिकिटांशी गल्लत करून टाकलं जातं.

आता ते तिकीट नसलेलं कार्ड. तुम्ही त्याचा उल्लेख शेवटी, जाता जाता केला आहे, आणि डीलरने ते पाहिलंच नाही असं लिहिलं आहे. मला तुमच्या डबीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच वाटते.

कुतच्या शरणागतीनंतर हजारो हिंदी शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर लावलं, आणि त्यांतले पुष्कळ परत आले नाहीत. हेग करारानुसार युद्धकैद्याच्या टपालाला तिकीट लागत नाही. त्या कैद्यांची पत्रं तुर्की रेड क्रेसेंटच्या, म्हणजे रेड क्रॉससारख्याच संस्थेच्या, हातून जायची, म्हणून चंद्रकोरीचा ठसा. तुमच्या कार्डावरची चंद्रकोर तीच असेल, तर तुमचे पणजोबा बहुधा कुतला पकडले गेले होते आणि हे कार्ड त्यांनी कैदेतून घरी पाठवलं होतं. मग घरासाठी त्या कार्डाची बगदादच्या कुठल्याही तिकिटाशी तुलनाच होऊ शकत नाही.

याची खातरजमा कशी करायची? घरात पणजोबांची पदकं असतील तर त्यांची कड भिंगाखाली पाहा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर, किंवा १९१४-१५ च्या ताऱ्याच्या मागे, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पलटण १०३, ११० किंवा ११७ मराठा निघाली तर कुतची शक्यता बळावते, सिद्ध होत नाही, कारण याच पलटणींचे लोक वेढ्याबाहेरही होते. कार्डावर कोणते शिक्के आहेत ते एकेक करून कागदावर उतरवा: तुर्की सेन्सॉरचा, वाटेतल्या एखाद्या देशाच्या सेन्सॉरचा, मुंबईचा, शेवटी तुमच्या गावाजवळच्या पोस्टाचा. या ठशांच्या क्रमातून कार्डाचा प्रवास लागतो. मजकूर मोडीत किंवा बाळबोधीत असेल तर तो वाचणारा माणूस गाठा. मोडी वाचणारे पुण्यात, साताऱ्यात, कोल्हापुरात मिळतात. मजकूर चार ओळींचाच असेल, कारण कैद्याला जास्त लिहू देत नसत. ‘मी खुशाल आहे’ यापलीकडे काही नसेल तरी निराश होऊ नका. त्या एका ओळीसाठी घरातल्या बायका-माणसांनी किती महिने वाट पाहिली असेल, याचा विचार करा.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मान्य करूनच लिहितो आहे. चंद्रकोर म्हणजे कैद्याचंच कार्ड असं नाही. तुर्की तिकिटांवर आणि तुर्कांच्या छापील कार्डांवर चंद्रकोर एरवीही असते. एखाद्या शिपायाने बगदादच्या बाजारातून कोरं तुर्की कार्ड आठवण म्हणून उचलून आणलं, असंही झालेलं असू शकतं. दोन्हींत फरक एका गोष्टीने ठरतो: कार्डावर तुमच्या गावाचा पत्ता आणि डाकेचे शिक्के आहेत की नाहीत. ते नसतील तर ती आठवणीची वस्तू आहे. असतील तर वर लिहिलेलं सगळं लागू होतं.

डबीतल्या वस्तू सांभाळण्याबद्दल थोडं कळकळीने सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान सापडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात होतं. तिकिटं पाण्यात भिजवू नका. जुन्या शाया पाण्यात सुटतात आणि शिक्का पुसट झाला की वर सांगितलेली तपासणी करता येत नाही. जी तिकिटं पाकिटाच्या तुकड्यावर आहेत ती तुकड्यासकट राहू द्या. चिकटपट्टी, फेव्हिकॉल, लॅमिनेशन, यांपैकी काहीही नको. लॅमिनेट केलेलं कार्ड कोणीही पुन्हा मोकळं करू शकत नाही. बोटांनी धरू नका, साधा सपाट टोकाचा चिमटा मिळतो तो वापरा. पत्र्याची डबी जवळ ठेवा, पण तिकिटं तिच्यात परत घालू नका, गंज कागदावर उतरतो. ग्लासीन या गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाची छोटी पाकिटं कोणत्याही तिकीटविक्रेत्याकडे मिळतात, त्यांत सुटी सुटी ठेवा, आणि पावसाळ्यात लोखंडी कपाटात नको, हवा खेळती राहील अशा लाकडी खणात ठेवा. डबीत काय कोणत्या जागी, कशाबरोबर होतं, हे आठवतंय तोवर लिहून काढा. एकत्र सापडलेल्या वस्तू एकमेकींच्या साक्षीदार असतात.

विचारता विचारता तुम्ही आझाद हिंदच्या तिकिटांचाही उल्लेख केला आहे, तीही अशीच का म्हणून. ती वेगळी. १९४३ मध्ये ती बर्लिनला छापली आणि प्रत्यक्ष टपालात वापरली गेली नाहीत; त्यांवर पोस्टाचा खरा शिक्का असू शकत नाही. दुसऱ्या महायुद्धातलं तुमच्या तिकिटांच्या जवळ जाणारं उदाहरण ब्रह्मदेशात सापडेल. तिथली सहाव्या जॉर्जची तिकिटं आपल्या नाशिकच्या छापखान्यात छापलेली होती, आणि १९४२ मध्ये जपानी आल्यावर त्याच तिकिटांवर मोराचा छाप मारून ती चालवली गेली. त्यांच्याही नकला भरपूर आहेत, आणि शिक्का वर की छाप वर, ही कसोटी तिथेही तशीच लागते.

विकायचं की ठेवायचं, हे तुमच्या घरचं आहे. माझं मत विचाराल तर ‘इराक’ आणि ‘आय. ई. एफ.’ विकून हाताला फारसं काही लागणार नाही, ती पणजोबांच्या पदकांशेजारी राहू द्यात. बगदादचं विकायचंच असेल तर प्रमाणपत्र हातात आल्यावर, तेही लिलावात, ठोक भावात नाही. कार्ड विकू नका. निदान ते पूर्ण वाचून, दोन्ही बाजूंनी स्कॅन करून, घरातल्या सगळ्यांना दाखवून झाल्याशिवाय त्याचा विषयही काढू नका.

पुढचं सांगायला मला चार गोष्टी लागतील. बगदादच्या तिकिटाचा पुढचा आणि मागचा ६०० डीपीआयचा स्कॅन, शिक्का आणि छाप जिथे एकमेकांना छेदतात तिथला वेगळा मोठा फोटो, कार्डाच्या दोन्ही बाजू, आणि पदक सापडलं तर त्याच्या कडेवरचा मजकूर जसाच्या तसा. स्कॅन करताना रंग आपोआप उजळ करणारी सोय बंद ठेवा, नाहीतर दोन्ही काळ्या शाया एकसारख्या दिसतील.